भिंतीपलीकडचा तांबडा रस्सा

बुधवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. हजर: मालक, मालकांच्या आई, मंत्री आणि त्यांची माणसं, कळंब्याचा आचारी, आणि कारखान्याची सगळी व्यवस्था बघणारी मी. गैरहजर कुणीच नाही, मटण होतं.

जागा कागल एमआयडीसीतला आमचा कारखाना. नेमकं सांगायचं तर त्याच्या भिंतीबाहेरची. मालक जैन. एका लेथवर सुरू केलेल्या धंद्याचे आता तीन कारखाने, एक शाळा आणि दोन पेट्रोल पंप झालेत, पण आईंचा पहिल्या दिवसाचा नियम अजून चालू आहे: आपल्या भिंतीच्या आत मटण शिजायचं नाही, वाढायचं नाही. आणि मंत्री इकडे आले की तांबड्या-पांढऱ्याशिवाय जेवत नाहीत.

शेजारचा रिकामा सरकारी प्लॉट मालकांना हवा होता. त्याशिवाय नवी भट्टी बसणार नव्हती, आणि फाइल मंत्र्यांकडे अडकली होती. हॉटेलात नेलं असतं, पण त्यांना जागा डोळ्यांनी बघायची होती. मी त्या प्लॉटवरच मांडव घालायचं ठरवलं आणि आधी आईंना विचारलं.

"ती जागा कुणाची?"

"सरकारची."

"मग सरकारनं काय खायचं ते सरकार बघंल. पोरी, आपल्या भिंतीला टेकून चूल मांडू नगो म्हणजे झालं."

माझी पन्नाशी उलटलीय. पोरी म्हटल्यावर बरं वाटलं.

मंत्री मांडवात जेवायला बसले. मालक कमरेएवढ्या भिंतीच्या आत, खुर्ची टाकून, दहीभाताचं ताट मांडीवर घेऊन.

"शेट, पलीकडनं काय बोलताय? या की इकडं."

"येणारच हाय की साहेब. तुमची सही झाली की कायमचाच येतो."

मंत्री एवढे हसले की रस्सा पांढऱ्या कुर्त्यावर सांडला. मी लिंबू घेऊन धावले. डाग गेला नाही, पण पुढची वाटी संपेपर्यंत त्यांच्या "बघू"चं "करू" झालं होतं.

प्लॉट मिळाला. आईंनी उभं राहून जुनी भिंत पाडून घेतली, नवी प्लॉटच्या टोकाला बांधून घेतली आणि चुलीची जागा दोनदा धुवायला लावली.

परवा मंत्र्यांच्या पीएचा फोन आला. भट्टीच्या उद्घाटनाला साहेब शुक्रवारी नक्की येणार. जेवण मागच्यासारखंच, मागच्याच जागी. फोन ठेवता ठेवता पीएंनी आठवण करून दिली की भट्टीच्या विजेची फाइल अजून साहेबांच्याच टेबलावर आहे.

मी आईंकडे गेले. "एक दिवसापुरतं..."

"ती जागा आता भिंतीच्या आत हाय का भाईर?"

"आत."

"मग इचारतीस कशाला?"

मालकांना सांगितलं. मंत्रालयात सहज आत जाऊन येणारा हा माणूस कागदावरून मान वर न करता म्हणाला, "आईचं आणि तुमचं काय ते तुम्ही बघा."

नव्या भिंतीबाहेर तिन्ही बाजूंना दुसऱ्यांचे कारखाने आहेत. चौथ्या बाजूला रस्ता. कंटेनर आला नाही तर तिथे एक टेबल मावतं. उद्घाटनाचा मांडव, फीत, हार, लिंबं सगळं झालंय. आचारी सकाळ-संध्याकाळ फोन करून एकच विचारतो, "म्याडम, चूल कुठं मांडू?"

ते अजून ठरायचंय.