उजवीकडून लिहिलेलं नाव

मला देवाकडे काही मागायची सवय नाही. गुरुवारी दत्ताच्या तसबिरीला हार घालायचा, हात जोडायचे आणि कामाला लागायचं, एवढीच माझी भक्ती. त्या गुरुवारी तर हारही राहिला, कारण मी सकाळपासून कपाटं आवरत होते. माझे सासरे, नाना, नव्वदीला टेकलेले. शाळा जुन्या हैदराबाद संस्थानात उर्दूतून झालेली, नोकरी तहसील कचेरीत. त्यांच्या कपाटात उर्दूत भरलेल्या वह्यांची चळत होती. मला उर्दू वाचता येत नाही. कचेरीचं जुनं काहीतरी समजून मी ती रद्दीवाल्याला दिली. नाना दारातून बघत होते. अलीकडे त्यांना शब्द लवकर सापडत नाहीत, म्हणून ते गप्प आहेत असं मी धरून चालले. दहाला पाहिलं तर साखरेची गोळी घेतलेली, नाश्ता झाकलेला तसाच आणि चपला जागेवर नाहीत.

मी घाबरले की यादी करते. हे कामासाठी विजयवाड्याला होते. फोनवर म्हणाले, "पोलिसांत फोटो दे, मी निघतोच." फोटो दिला. सुलतान बाजारातलं वाचनालय पाहिलं, बेगम बाजारातल्या त्यांच्या मित्राचं दुकान पाहिलं, नामपल्ली स्टेशनाचे सगळे बाक पाहिले. माझा नंबर मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात शिवून ठेवला होता, पण तो सदरा दोरीवर वाळत होता. पोटात अन्न नाही आणि गोळी घेतलेली, म्हणजे ते कुठेही कोसळू शकत होते. दुपारी दोनला यादी संपली.

मग मी नयापूल ओलांडला. खाली मुसी नदीकडे बघायचं नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. काठच्या गवतात काहीतरी पांढरं अडकलेलं दिसलं आणि मी कठड्यावरून वाकले. ते पोतं होतं. त्यानंतर कुठे जायचं हे मी ठरवलंच नाही. चारमिनारकडच्या गल्ल्यांत पाय वळतील तशी वळत गेले. प्रत्येक वाकलेल्या पाठीमागे धावायचं, चेहरा पाहायचा आणि पुढे व्हायचं. एका कमानीशी थांबून मी मोठ्यानं म्हणाले, "दत्ता, माझ्याच्यानं आता होत नाही. तूच ने."

काही झालं नाही. मी आणखी दोन गल्ल्या चालले. छत्ता बाजारात लग्नपत्रिकांच्या एका चिंचोळ्या दुकानासमोर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खांब धरला. पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा पाण्याचा पेला घेऊन पायरी उतरला.

"अम्मा, चेहरा उतर गया तुम्हारा. पानी पी लेव."

"नक्को," मी म्हणाले.

आतून आवाज आला, "नक्को नव्हे. नको."

माझं माहेर हैदराबादचंच. लग्न होऊन तीस वर्षं झाली, आणि तीस वर्षं नाना माझा हा एक शब्द दुरुस्त करत आले होते. मी पायरीवरच बसले.

नाना आत उतरत्या मेजाशी बसून लिहीत होते. तो म्हातारा पत्रिकांवर उर्दू अक्षरं काढून देणारा कातिब होता. म्हणाला, "ग्यारा बजे से बैठे हैं. नोटबुक मांगे, मैं दिया. चाय-बिस्कुट खिलाया. पता पूछा तो बोल नई सके. उठने लगे तो मैं बोला, बड़े मियाँ, पन्ना पूरा करके जाव."

"काय लिख रहे वो?" मी मराठी-हिंदी एक करत विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "घर में किसी को मालूम नई? श्री गुरुदेव दत्त. ऊपर से नीचे तक येइच है."

मग मला कळलं, सकाळी मी रद्दीत काय घातलं ते. नानांनी वहीतून मान वर केली. "जुन्या गेल्या," ते म्हणाले. "पुन्हा सुरू केलं." बोलण्यात राग नव्हता.

रद्दीवाल्याकडे गेले तेव्हा वह्या पुढे निघून गेल्या होत्या. आता गुरुवारी हार घातला की मी नानांशेजारी बसते आणि उजवीकडून डावीकडे तेवढे तीन शब्द काढते. अक्षर वाकडं येतं, पण पान भरल्याशिवाय मी उठत नाही. तो म्हातारा नक्की कोण होता, असं नात्यातल्या बायका डोळे मोठे करून विचारतात. कातिब होता, त्याला माझ्या हातचे पुरणाचे दिंडे आवडतात, असं मी सांगते. त्याहून जास्त मला माहीत नाही. मी तर नक्को म्हणाले होते. पाणी तरीही आलं.