ऐकण्याच्या पेपरातले एक चुकलेले उत्तर

इतक्या वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्याला टाकेही पडले. तरी एखादे प्रकरण सांगा असे कोणी म्हटले की मला आधी आठवतो तो इंग्रजीचा एक पेपर. त्यातली माणसे अजून सोलापुरातच आहेत, म्हणून नावे कोणाचीच सांगणार नाही.

त्या वेळी मी शहराच्या पूर्व भागातील एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. हद्दीत यंत्रमागांचे कारखाने आणि गल्लोगल्ली घरातले माग. एका सकाळी हजेरी संपवून मी डायरी पाहत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने तिघांना आत आणले. एक होते जवळच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, दुसरे त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयाचे प्राचार्य आणि तिसऱ्या तिथल्या इंग्रजीच्या मॅडम. अध्यक्षांच्या हातात चार पानांचा तक्रारी अर्ज होता.

प्रकरण असे. अध्यक्ष टॉवेलच्या व्यापाऱ्यांबरोबर चीनला जाऊन आले होते. तिथे त्यांना एक हायस्कूल दाखवले. भिंतीवरच्या स्पीकरमधून इंग्रजी संवाद ऐकू येत होते आणि वर्गातली सगळी मुले माना खाली घालून उत्तरे लिहीत होती. अध्यक्षांच्या ते मनात भरले. आपली मुले इंग्रजी पाठ करतात, पण कोणी बोलले तर समजत नाही, ही त्यांची जुनी तक्रार होती. परत आल्यावर त्यांनी अकरावीसाठी तशीच परीक्षा सुरू केली. एक पेपर वाचनाचा, एक ऐकण्याचा. पहिल्या दोन मुलांचे पुढचे सगळे शिक्षण पुण्यात, वसतिगृहासह, संस्थेच्या खर्चाने. विणकरांच्या आणि हमालांच्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

निकाल लागला. दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर निनावी चिठ्ठी आली, ‘ऐकण्याचा पेपर आधीच फुटला होता.’ मॅडमनी उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या आणि एका उत्तरावर त्या थांबल्या. संवादात एक डॉक्टर होता. लिहिलेल्या संहितेत तो धारवाडचा होता. पण ध्वनिमुद्रण करताना वाचणाऱ्या सरांच्या तोंडून ‘बेळगाव’ निघून गेले आणि ते तसेच राहिले. परीक्षेत सगळ्यांनी ‘बेळगाव’ ऐकले. उत्तरात ‘धारवाड’ लिहिले होते फक्त एका मुलीने, आणि ती पहिली आली होती.

“म्हणजे तिने ऐकून लिहिलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “तिने संहिता वाचलेली होती.” हे सांगताना त्यांना आनंद होत नव्हता, हे दिसत होते.

अध्यक्ष मात्र तापलेले होते. “पेपर कोणी फोडला ते मला माहीत आहे. झेरॉक्स आमचा शिपाई काढतो. आजच गुन्हा दाखल करा आणि त्याला आत घ्या.”

मी अर्ज चौकशीवर ठेवला. गुन्हा दाखल करायला वेळ लागत नाही. एकदा नाव कागदावर गेले की पुसायला मात्र आयुष्य जाते. हे मी अध्यक्षांना बोललो नाही. चौकशी आज सुरू करतो, एवढेच म्हणालो.

कॉलेजात जाऊन पाहिले, तर पेपर ठेवलेल्या कपाटाचे कुलूप शाबूत होते. संहितेच्या प्रती का काढल्या, असे विचारल्यावर प्राचार्य म्हणाले, वीज गेली तर वर्गावरच्या शिक्षकांनी वाचून दाखवावे म्हणून. झेरॉक्स मशीन जिन्याखालच्या खोलीत होते. शिपाई निवृत्तीला आलेला, पांढरी दाढी, धुतलेला गणवेश. सगळे कॉलेज त्याला चाचा म्हणायचे. पाच मिनिटांत त्याने सांगून टाकले.

“साब, कागद मैच दिया. एक कॉपी तिरकी निकली थी. फाडके फेकने की थी, मैने उस बच्ची को दे दी.”

“का दिली?”

चाचा मशीनचे झाकण पुसू लागला.

“पैसे घेतलेस?”

“तौबा साब.”

“मग का?”

“वो नक्को पूछो साब. सजा देना है तो देव.”

मी त्याला ठाण्यात आणून दोन तास बसवले, चहा पाजला, पुन्हा विचारले, थोडा आवाजही चढवून पाहिला. काही उपयोग झाला नाही. माझा अनुभव असा की पैसे खाल्लेला माणूस कारणांची रास लावतो. घरात आजारपण, मुलीचे लग्न, साहेबांचा त्रास. या माणसाकडे एकही कारण नव्हते. तो स्वतःला वाचवायला बघतच नव्हता. मग तो कोणाला वाचवतोय, हा प्रश्न घेऊन मी त्याला घरी पाठवले.

मुलगी सोळा-सतरा वर्षांची, अल्पवयीन. तिला ठाण्यात बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत कॉलेजमध्ये गेलो, सोबत आमच्या महिला हवालदार, त्याही साडीत. प्राचार्यांच्या खोलीत मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या. घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचे. आई मोठ्या आवाजात बोलायची. मुलगी सडपातळ, दोन वेण्या, नजर सरळ.

मी समोर बसून विचारले आणि तिने प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. “कागद मी मागितला, सर. चाचांनी चोरला नाही. त्यांना काही करू नका. चूक माझी आहे.”

खोलीत उकडत होते. मी उठून खिडकी उघडायला गेलो आणि पाठमोराच असताना विचारले, “वाचनात तू स्वतःच्या हिमतीवर पहिली आलीस. मग या पेपराला कागद कशाला लागला?”

उत्तर नाही. पुन्हा विचारले. तरी नाही. आईच घाईने म्हणाली, “भ्याली हाय ती, सायेब. लहान हाय की.”

मी वळून पाहिले. मुलगी शांतपणे माझ्याकडे पाहत होती, जणू मी काही विचारलेच नव्हते. मला राग आला. टिपणवहीत लिहिले, ‘मुख्य प्रश्नाचे उत्तर टाळते.’

परतताना जीपमध्ये हवालदारबाई माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्या करमाळा तालुक्यातल्या, शेतकरी घरातल्या. ठाण्यात शुद्ध बोलायच्या, पण विचारात पडल्या की गावची भाषा यायची.

“साहेब, एक बोलू का? भ्यालेलं माणूस खाली बघतं. खोटं बोलणारं डोळ्यात बघतं नाहीतर भिंतीकडं. ही पोरगी सारा वेळ तुमच्या तोंडाकडं बघत हुती. ओठांकडं.”

“मग?”

“आमच्या गावात एक म्हातारी अशीच बघायची. तिला ऐकू येत न्हवतं.”

मी जीप बाजूला घ्यायला सांगितली आणि वही काढून ती ओळ पुन्हा वाचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही न कळवता त्यांच्या घरी गेलो. पुढच्या पत्र्याच्या खोलीत माग चालू होते. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. कानातच नाही, दातांत आणि छातीत जाणवतो. मी दारातून मोठ्याने हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. आईने आम्हाला पाहिले. तिने खोलीच्या दुसऱ्या टोकाला काम करणाऱ्या मुलीकडे पाहून नुसते ओठ हलवले. मुलीने तसेच ओठ हलवून उत्तर दिले. आईने आणखी काही विचारले, मुलीने मान हलवली, माझ्याकडे बोट केले आणि तिचा चेहरा पडला. दोघींमध्ये तीन-चार वाक्ये झाली असतील. त्या खोलीत काहीच न कळणारा मी एकटा होतो.

वडिलांनी माग बंद केले. मुलगी पाठमोरी उभी राहून मागाच्या धोट्यातली संपलेली सुताची कांडी काढत होती. मी तिच्यामागे दोन हातांवर जाऊन नेहमीच्या आवाजात तिचे नाव घेतले. ती वळली नाही. आई मात्र रडायला लागली.

मग सगळे बाहेर आले. मुलगी आठवीत असताना डॉक्टरांनी सांगितले होते, दोन्ही कान कमजोर आहेत. तेव्हा मोठ्या बहिणीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. आई म्हणाली, “घरात बहिरी पोरगी हाय म्हणल्यावर बाकीच्या पोरींना कोण करून घेतंय सायेब? म्हणून झाकलं. आमी सगळ्यांनी मिळून झाकलं.”

मुलगी पहिल्या बाकावर बसायची, शिक्षकांचे ओठ वाचायची आणि पुस्तके दोन-दोनदा वाचायची. तिचे वाचन इतके पक्के का होते, ते आता कळले. “सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले तेव्हा लई अवघड गेलं, सर,” ती म्हणाली. “शाळा सोडावी वाटली होती.”

“आणि ही परीक्षा?”

“समोर माणूस असलं तर मला कळतं. त्या भिंतीवरच्या स्पीकरला ओठ कुठं आहेत?”

मी वही मिटली. तीच पुढे म्हणाली, “पण सर, माझ्यामुळं तिसऱ्या आलेल्या मुलाचा नंबर गेला. ते मला निकालाच्या दिवशी कळलं. त्याचं नाव यादीत नाही बघून तो तिथंच बसला होता.” निनावी चिठ्ठी कोणी लिहिली, हे मग मला विचारावे लागले नाही.

संध्याकाळी मी चाचाकडे गेलो. मला सगळे कळले आहे असे सांगितल्यावर तो कट्ट्यावर बसला आणि दाढीवरून हात फिरवत राहिला. कॉलेजची घंटा तोच वाजवायचा. सगळी मुले घंटेला उठतात आणि एक मुलगी बाकीचे उठल्यावर उठते, हे त्याने पहिल्या महिन्यातच पाहिले होते. तिला विचारल्यावर तिने हात जोडून कोणाला सांगू नका म्हटले आणि त्याने शब्द दिला. ज्या गोष्टीकडे एवढ्या शिक्षकांचे लक्ष गेले नाही, ती घंटा वाजवणाऱ्याला दिसली होती.

“पढने में अव्वल बच्ची, साब. सुनने के परचे में उसकू शून्य पड़ता. मेरे से देखा नहीं गया.”

“चाचा, दुसऱ्या एका पोराची जागा गेली त्यात.”

“वो सोचा नहीं मैने,” तो म्हणाला. त्यानंतर बराच वेळ तो माझ्याकडे पाहू शकला नाही.

मुलीच्या आई-वडिलांना तयार करायला तीन दिवस गेले. ते काम हवालदारबाईंनी केले, मी नाही. बाई त्यांना घेऊन सरकारी दवाखान्यात कानाची तपासणी करायला गेल्या. दोन्ही कानांना बरेच कमी ऐकू येते, असा दाखला मिळाला. मागाच्या आवाजामुळे का, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी सांगितले की लहानपणीचा ताप असू शकतो, आवाज असू शकतो, दोन्ही असू शकते. नक्की सांगता येणार नाही.

मुलीच्या परवानगीने तो दाखला मी अध्यक्षांसमोर ठेवला. सोबत तिच्या हाताने लिहिलेला अर्ज होता. माझा नंबर रद्द करावा, पुढच्या मुलाला पाठवावे, चाचांची नोकरी घेऊ नये. अध्यक्षांनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी हळू बोलला.

“साहेब, चीनमध्ये मी त्यांना सगळं विचारलं. स्पीकर कुठले, खर्च किती, पेपर कोण काढतो. ज्या मुलांना ऐकू येत नाही त्यांचं तुम्ही काय करता, हे विचारायचं सुचलंच नाही.”

त्यांनी तक्रार मागे घेतली. मी चौकशी अहवाल लिहून अर्ज निकाली काढला. चाचाला लेखी समज मिळाली आणि एक वेतनवाढ थांबली. ते योग्यच होते, आणि चाचानेही कुरकुर केली नाही. मुलीची परीक्षा पुन्हा घेतली. मॅडम तिच्यासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि नवा संवाद त्यांनी स्वतः वाचला. मुलगी चौथी आली. बक्षीस तिला मिळाले नाही. तिसरा आलेला मुलगा पुण्याला गेला.

सरकारी योजनेतून तिला कानातले यंत्र मिळाले. हवालदारबाई सांगत होत्या, घरी जाऊन तिने ते लावले आणि माग सुरू होताच दोन्ही हातांनी कान दाबून अंगणात पळाली. “आई, तुमी ह्यात कसं राहता?” असे ती विचारत होती. आता ती सोलापुरातच इंग्रजी घेऊन बी.ए. करते आहे. बहिणीचेही लग्न झाले. सासरच्यांना आधी सगळे सांगून मगच ते झाले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी गुन्हेगारांबद्दल काही सांगत नाही, स्वतःबद्दल सांगतो. विचारल्यावर जो बोलत नाही तो काहीतरी लपवतो, हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो आणि पुढे कित्येक शिपायांना शिकवले होते. लपवतो हे बऱ्याचदा खरे असते. पण तो काय लपवतो आणि कोणासाठी, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि कसे विचारायचे हेही माणूस पाहून ठरवावे लागते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी नाकाबंदीत एक माणूस पकडून आणला. पोलिसांनी शिट्टी वाजवली, थांब म्हणून ओरडले, तरी तो सायकलवरून पुढे गेला होता. शिपायाने त्याला दोन फटके दिले होते आणि तो भिंतीशी उभा राहून सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत होता. शिपाई म्हणाला, “साहेब, मुद्दाम बोलत नाही. मुरलेला दिसतोय.”

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिले, ‘तुम्हाला ऐकू येते का?’ कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वाचले, माझ्याकडे पाहिले आणि मान नकारार्थी हलवली. मग त्याने माझ्या हातातले पेन मागून घेतले आणि कितीतरी वेळ लिहीत बसला.