सोड्यांच्या पुडीचा कागद

माझ्या बहिणीबद्दल मला एकच वाक्य लिहायचं होतं. ते लिहावं असं ज्यांच्यामुळे वाटलं त्या आमच्याच गावच्या लेखिका. सगळी रत्नागिरी त्यांना बाई म्हणते, मीही म्हणते. लोकांनी त्यांना पुस्तकांत वाचलं, मी आधी रद्दीत वाचलं.

मी सुकी मासळी विकते. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत, बाई सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोलंबी, न्यायला यायच्या. येताना वर्षभराचे लिहून टाकून दिलेले कागद पिशवीत भरून आणायच्या. "घे गो, पावसात सादळून जायचे नुसते. पुड्या बांध," म्हणायच्या. शाळा दहावीला सुटली तरी अक्षर दिसलं की मला राहवत नाही. गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं आणि मी पुडीचा कागद वाचत बसायची.

कागदांवर खोडाखोड फार. खोडलेलंच मी आधी वाचायची. माणूस काय लपवतो ते कळायला नको का? एकदा सासूबद्दलची एक ओळ त्यांनी अशी खोडली होती की कागद फाटला होता. पुढच्या आगोटीला पुन्हा तीच ओळ, पुन्हा खोडलेली. असं कितीतरी वर्षं चाललं. बाईंचे केस पिकले, कंबर वाकली, आणि मग एका पुस्तकात ती ओळ जशीच्या तशी छापून आली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मापात मी हात सैल सोडला.

"बाई, भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की! पण म्हातारी झाल्ये आता. भिऊन वाचवायचं काय राहिलंय?"

हे मी मनात धरून ठेवलं. साठी उलटली तेव्हा म्हटलं, आता आपली पाळी.

माझी थोरली बहीण नाटे गावात दिली होती. तिला मूल होईना, आणि मग सासरी तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटची माहेरी आली तेव्हा म्हणाली, "माका परत धाडू नका." धाडली. उन्हाळा सरायच्या आत तिला विहिरीतून काढली. पाय घसरला, असं दोन्ही घरांनी ठरवून टाकलं. मी गेले होते तिथे. जांभ्याच्या पायऱ्या खडखडीत कोरड्या होत्या. काठावर रिकामी घागर सरळ ठेवलेली, आणि तिच्या तोंडावर डोक्यावरची चुंबळ काढून नीट ठेवलेली. पाणी भरायला वाकलेली बाई घागर वर ठेवून वाकते का? पाय घसरला हे खोटं आहे, एवढंच मला लिहायचं होतं.

वाचनालयाचा दिवाळी अंक निघतो, त्यात गावातल्या लोकांनी लिहायचं होतं. भावाला सांगितलं तर तो उसळला. "मेलेल्या माणसाला कशाला उकरतेस? पाय घसरला तिचा, संपलं. छापलंस तर माझ्या दारात यायचं नाय." माहेर म्हणून मला तेवढंच एक दार आहे. मी ते वाक्य लिहायची आणि खोडायची, लिहायची आणि खोडायची. शेवटी ठरवलं, बाईंना वाचून दाखवू. त्या राहू दे म्हणाल्या तर राहील.

सोडे घेऊन गेले. दार त्यांच्या सुनेने उघडलं. "मावशी, त्या आता कुणाला ओळखत नाहीत हो," ती म्हणाली. पडवीत बाई खुर्चीवर बसल्या होत्या. माझ्याकडे बघून हसल्या, पण ते हसू कुणाकडेही बघून हसावं तसं होतं. तरी मी वाचलं. ते वाक्यही वाचलं, जन्मात पहिल्यांदा मोठ्याने. बाईंनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्या पेन शोधू लागल्या, सुनेने दिलं. मला वाटलं, आता काहीतरी लिहितील.

त्यांनी माझं वाक्य खोडलं. मग वरचं, मग खालचं. सावकाश, एकेक ओळ करत सगळं पान.

"वर्तमानपत्र दिलं तरी हेच करतात," सून म्हणाली. "हाताला आता तेवढंच आठवतं."

मी सोडे ठेवले आणि निघाले. मांडवीच्या जेटीवर बसून रडले, लोक बघत होते तरी रडले. बाई आहेत, पण मला विचारायला कुणी उरलेलं नाही. वय झालं की धीर येतो म्हणतात. मला नाही आला. मला नुसतं एकटं वाटलं.

तो कागद घरी आणून मी गल्ल्यापाशी टाकला. एका सकाळी गिऱ्हाइकाला सोडे बांधताना हाताला तोच लागला. सवयीने मी खोडलेलं वाचलं. खालची अक्षरं सगळी दिसत होती. गिऱ्हाइकाला दुसऱ्या कागदात पुडी बांधून दिली, ते वाक्य कोऱ्या पानावर पुन्हा उतरवलं आणि वाचनालयात देऊन आले. धीर वगैरे काही नव्हता.

अंक निघाला. बाईंच्या घरीही एक देऊन आले, तोही त्यांनी खोडला असेल. भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताट करून ठेवलं होतं, भाऊ आला नाही. आता येणारही नाही.

माझ्या बहिणीचा पाय घसरला नव्हता.