डिस्कला लावलेलं कुंकू

मी अमरावतीला कॉलेजात संगणक शिकवते. मला माझा विषय चांगला येतो, हे सांगताना मी कधी लाजले नाही. त्या दसऱ्याला तर मुळीच नाही.

बाबा श्रावणात गेले. त्याआधी उन्हाळ्यात अकोल्याला त्यांची पंच्याहत्तरी झाली होती. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने तिची फिल्म काढली, ती अजून त्याच्याच संगणकात होती. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. आणि दसऱ्याच्या सकाळी त्याचा फोन आला, की संगणक सुरूच होत नाही. तशीच उठले आणि अकोल्याची बस धरली.

खंडेनवमीला या गृहस्थाने कॅमेरे पुसले, दिवे पुसले आणि भक्तीच्या भरात संगणक उघडून चारही डिस्क बाहेर काढल्या. ओल्या फडक्याने पुसून प्रत्येकीला हळदकुंकू लावलं. पुसताना त्यांच्यावर पेनाने लिहिलेले नंबर गेले. आता क्रम चुकला म्हणून सगळं बिघडलं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. एका दुकानदार मित्राने सल्ला दिला होता, सगळं पुसून नव्याने मांड. तो तेच करायला बसला होता. मी दारातूनच ओरडले, "हात लावू नको."

मग समजावलं. या चार डिस्क मिळून एकच साठा होतो. आपण कोणत्या साठ्यातल्या आणि कितव्या, याची खूण प्रत्येकीच्या पोटात असते. संगणक चालवणारं लिनक्स सुरू होताना ती खूण वाचून त्यांना आपोआप जोडतं. कुठली कुठे खोचली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एक हरवली तरी ते निभावून नेतं, दोन हरवल्या की हात टेकतं. सुरू होता होता अडकलेल्या पडद्यावर दोनच दिसत होत्या.

न दिसणाऱ्या दोन्ही ओढून काढल्या. जिथे वायर बसते तिथेच कुंकू वाळून बसलेलं. देवाने प्रसाद खावा म्हणून याने थेट तोंडातच कोंबला होता! लेन्स पुसायच्या ब्रशने मी ते कणन् कण काढलं, डिस्क परत खोचल्या आणि बटण दाबलं. हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय, पण आत बाबा कधी नव्हते.

पडद्यावर ओळी सरकल्या. चारही डिस्क हजर, साठा जोडला गेला. मी टेबलावर अशी थाप मारली की त्याचा चहा सांडला.

फिल्म लावली. हार घातलेले बाबा कॅमेऱ्याकडे बघून वैतागले होते. "अबे, माह्या थोबाडाकडे काय पाहून राहिला? लोकं जेवले का, ते पाह्य."

स्टुडिओवाला ओशाळला. "ताई, एवढं कापून टाकतो."

"खबरदार," मी म्हटलं आणि पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं.