मास्तरांच्या गालावरचं मशीन

खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक उठेपर्यंत या न्हाव्याच्या तोंडाचा पट्टा चालू. म्हणून सलूनमध्ये सगळे त्याला रेडिओच म्हणायचे. मग घशात कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता गळ्याला भोक, श्वास त्यातूनच, आणि बोलायचं तर हातात एक छोटं मशीन. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की घुरघुरत, एकसुरी शब्द निघायचे.

जीव वाचला, मग हायसं का वाटत नाही, हे त्याचं त्यालाच उमजेना. घरात तर वेगळाच घोळ. मिठावरूनही तासभर भांडणारी बायको आता तो म्हणेल त्याला हो म्हणायची, आणि तेही मोठ्यांदा, जणू कापलेत ते कानच. मुद्दाम काहीतरी वाकडं बोलून पाहिलं, तरी हो. अरे, हा काय घरात आलेला पाहुणा आहे? पण रागवावं कसं? इस्पितळात ती बिचारी त्याच्या उशाशी बसून होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

शेवटी तो कामावर परतला. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जुने मास्तर. एरवी हूं हूं करणारे मास्तर आज स्वतःच हवापाणी, गुडघेदुखी, सुचेल ते बोलत सुटले. त्यांचा एक कल्ला कापून झाला. रेडिओच्या ओठावर टोमणा आला, पण कात्री धरावी की मशीन? त्या गोंधळात त्याने ट्रिमर समजून बोलायचं मशीनच उचललं आणि चालू करून मास्तरांच्या गालाला लावलं. मास्तरांचं तोंड उघडंच होतं. त्यातून रेडिओचाच घुरघुरता आवाज निघाला.

मास्तर खो खो हसले. लगेच जीभ चावून माफी मागू लागले. आरशात रेडिओचे खांदे गदगदत होते, डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र नाही. हसतोय की रडतोय, हे मास्तरांना कळेना, आणि खरं सांगायचं तर त्यालाही नाही.

त्याने मशीन गळ्याला लावलं. "माफी नको, मास्तर. माझ्याशी घरीसुद्धा कोणी भांडत नाही."

मास्तरांचा दुसरा कल्ला अजून कापायचाच होता. तरी ते आरशात बघून म्हणाले, "आधी हे कल्ले बघ. एक वर, एक खाली. इतकी वर्षं कापतोस, अजून अक्कल नाही?"

रेडिओने कंगवा ठेवून दिला आणि तो भांडायला लागला. अर्धे शब्द मास्तरांना कळले नाहीत, पण त्यांनी माघार घेतली नाही.