थरथरणारा पॅराबोला

आमच्या लकडगंजच्या ज्युनिअर कॉलेजात गणिताचे एक सर होते. एका श्वासात, हात न उचलता, फळ्यावर पॅराबोला काढायचे. शेजारच्या लाकूडबाजारातले सुतार रंधा टाकून खिडकीशी यायचे. एकदा एक माशी त्या वक्रावर बसली आणि घसरत थेट तळाच्या शिरोबिंदूवर आली. मी पाहिलंय, हसू नका.

मग त्यांच्या हाताला कंप सुटला. फळ्यावरच्या रेघा वळवळू लागल्या. प्रिन्सिपल म्हणाले, "सॉफ्टवेअरवर फंक्शन शिकवा, नाही तर बारावीचा वर्ग सोडा." बारावी म्हणजे सरांचा जीव.

मीही तिथं गणिताचाच मास्तर, त्यांना शिकवायला बसलो. y = ax² टाकायचं, स्क्रीनवरच्या स्लायडरचा मणी माउसनं ओढायचा; a बदलतो, वक्र रुंद-अरुंद होतो. स्टाफरूममधल्या वीतभर लॅपटॉपवर सगळं झकास जमलं.

वर्गात मात्र पडदा भिंतभर होता. सरांनी मणी धरला आणि त्यांच्या बोटातला कंप तिथं हत्तीएवढा झाला. अख्खा पॅराबोला लटलटू लागला.

मागून एक पोट्टा म्हणाला, "सर, फंक्शनले थंडी वाजून राहिली का?"

जूनचं नागपूर, कूलरही घामानं भिजलेला. वर्ग खिदळला. सरही हसले. "हो बाप्पा, म्हातारं झालं ते."

मग कोणी हसेना.

कन्हानहून येणारी एक मुलगी उठली. "सर, तुम्ही आकडा सांगा, मी ओढते."

सर आकडे सांगत गेले, ती मणी ओढत गेली. a शून्याखाली गेला, वक्र पालथा झाला. तो का पालथा होतो हे सरांनी असं उलगडलं की भिंतीवरच्या पालींनाही समजलं असेल.

तास संपल्यावर रिकाम्या वर्गात सर मला म्हणाले, "पुढच्या सालापासून बारावी तू घे गा."

"काहून सर? मस्त तर झाला तास."

"झाला ना. पण पोट्टे पडद्याकडं पाहून राहिले होते. पहिले माह्या हाताकडं पाहायचे."

  मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली. सरांनी हात खिशात घातला आणि ते जिना उतरले.