कमरेला रिव्हॉल्वर असलेला डॉक्टर

सक्करदऱ्यात आमचं दोघांचं छोटं हॉस्पिटल आहे, वरच्या मजल्यावर घर. नवरा फिजिशियन, मी बायकांची डॉक्टर. कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे आमच्यात अहो-जाहो नाही आणि भांडण बरोबरीचं होतं.

एका दुपारी हार्ट अटॅकचा एक पेशंट आमच्या दारातच दगावला. नातेवाइकांनी काउंटरची काच फोडली. पहिला फटका वॉर्डातल्या मावशीला बसला, कारण दारात ती उभी होती. दुसरा नवऱ्याच्या कानशिलात. मावशीच्या भुवईला टाके पडले. नवऱ्याला लागलं नाही फारसं, पण नंतर जिन्यावर जोरात पावलं वाजली की लिहिता लिहिता त्याचा हात थांबायचा. ते मी रोज बघत होते आणि माझा जीव तुटायचा.

मग डॉक्टरांची मीटिंग झाली. मागणी अशी, की रिव्हॉल्वरच्या परवान्यात डॉक्टरांना प्राधान्य द्या. एक म्हणाले, सराफांना मिळतं, पेट्रोल पंपवाल्यांना मिळतं, मग आपल्यालाच काहून नाही? मी उठले. म्हटलं, "आमच्या मावशीला पहिला नंबर द्या. दार ती उघडते." सगळे हसले. मी काही विनोद केला नव्हता. "मॅडम, विषय भरकटून राहिला," असं कुणीतरी म्हणालं, तशी मी बसले. डोकं मात्र घरी येईपर्यंत तापलेलं होतं.

मारहाणीची तक्रार पोलिसांत होतीच. नवऱ्याने अर्ज केला आणि त्याला परवाना मिळाला. मी घरी खूप बोलले, पण रात्री दचकून उठणाऱ्या माणसाशी किती भांडणार? रिव्हॉल्वर आलं. तो ते शर्टाखाली कमरेला लावायचा, वरून ॲप्रन. कुणाला दिसत नाही असा त्याचा समज होता. त्याची झोप सुधारली, हे मला कबूल करावंच लागेल. आणि ओपीडी शांत झाली. पेशंट मान हलवून गोळ्या घ्यायचे आणि निघून जायचे. "बघ, लोक आता किती सुधारून राहिले," तो म्हणायचा. मलाही ते बरंच वाटलं होतं.

मग निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. याचंही झालं. त्या दिवशी घरी येऊन म्हणतो, "ते परत मिळेपर्यंत संध्याकाळची ओपीडी बंद ठेवू."

मार खाल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा या माणसाने संध्याकाळची ओपीडी केली होती. तेव्हा कमरेला फक्त पट्टा होता.

"बंदबिंद काही नाही," मी म्हटलं. "तुला भीती वाटते तर तू वर बस. तुझेही पेशंट मी बघते."

तो तोंड फुगवून खाली आला आणि बसला.

त्याच आठवड्यात भिवापूरचा एक जण आईला घेऊन आला. म्हातारी नवऱ्याची जुनी पेशंट. महिनोन् महिने तिची किडनी बिघडत चालली होती आणि कारण सापडत नव्हतं. तपासून झालं तरी मुलगा उठेना. इकडेतिकडे बघून म्हणाला, "साहेब, निवडणुकीत सगळ्याइचंच जमा होते ना? आमच्या गावच्या पाटलाचंबी झालं. मंग आता ते नाही ना तुमच्यापाशी?"

"नाही. काहून?"

"मंग एक सांगतो. मायले एका बाबाची पुडी चालू आहे. गुडघ्याची. मागच्या उन्हाळ्यापासून."

नवरा भडकला. "मी दर वेळी विचारतो, दुसरं काही घेता का म्हणून! लपवलं काहून?"

"पयले तुमी रागवायचे तरी मी सांगत होतो, साहेब," तो हळूच म्हणाला. "पण मागं तुमी मायचं पोट तपासाले वाकले, तवा मले कमरेचं दिसलं. तसा माणूस रागावला तं काय भरोसा?"

मी शेजारच्या टेबलावर होते. नवऱ्याचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. किडनी खाणारी ती पुडी त्याच दिवशी बंद केली, पण उशीर झाला होता. म्हातारी डायलिसिसवर गेली. आधी कळलं असतं तर किडनी वाचलीच असती, असं डॉक्टर म्हणून मी छातीठोक सांगणार नाही. पण वाचण्यासारखी होती. ओपीडी शांत का झाली होती, तेही त्या दिवशी समजलं. माझा संताप संताप झाला, त्याच्यावर आणि माझ्यावरही.

निकाल लागला. हत्यार घेऊन जा, असा ठाण्यातून फोन आला.

"ते या घरात येणार नाही," मी म्हटलं. "तिथूनच विकायचं कसं, ते विचारून ये."

तो म्हणाला, "पुन्हा कुणी मारायला आलं तर?"

"तर दार लावू, पोलीस बोलावू. ते येईपर्यंत मार खावा लागला तर खाऊ. या खेपेला दारात मावशीच्या पुढे मी उभी राहीन. पण भिवापूरहून आलेल्या माणसाला तुझ्यासमोर तोंड उघडता आलं पाहिजे."

"मला भीती वाटेल गं."

"वाटू दे. मलाही वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात जायला निघाला. मी पण गाडीत जाऊन बसले. माझा त्याच्यावर तेवढा भरवसा नव्हता.